पहिला शुक्रवार

"सगुणाबाई आहेत ना घरात?" एसटीतून उतरून वस्तीपर्यंत चालत आलेल्या एस्तेरबाईंनी अंगणातूनच विचारलं. शेंगा निवडत बसलेली सून उठली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

नऊ वर्षं दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एस्तेरबाई इथं येत आणि डोळे गेलेल्या सगुणाबाईंना बायबल वाचून दाखवत. या खेपेला मात्र नेमकं त्याच दिवशी शहरात चर्चच्या मंडळीचं मोठं अधिवेशन होतं. एकाकी माणसांच्या सेवेवर त्यांचं भाषण झालं. ते सगळ्यांना फार आवडलं. म्हातारीकडे पुढच्या आठवड्यात जाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. निरोप धाडायचं तेवढं राहून गेलं.

"शुक्रवारीच गेल्या," सून सांगू लागली. "सकाळपासून जीव घाबरा होत होता. तरी मला वेणी घालायला लावली, धुतलेलं लुगडं नेसल्या. दुपारपर्यंत म्हणत होत्या, बाईंची गाडी चुकली असंल, चालत येत असतील."

एस्तेरबाई ओट्यावर टेकल्या. सुनेचीही तीच समजूत होती आणि ती तशीच राहू देणं सोपं होतं.

"गाडी चुकली नव्हती गं," त्या खालमानेनं म्हणाल्या. "मी भाषण करायला गेले होते."

सून पुन्हा शेंगा निवडायला बसली.

"बरं झालं," ती हळूच म्हणाली, "आत्याबाईंना हे कळलं नाही."