औषधकपाटाचा दिवा

काचेच्या औषधकपाटातला दिवा सकाळीच गेला होता आणि सुनेत्राच्या सात वर्षांच्या ओवीला पुरतील अशी चारच दिवसांची पानं उरली होती. गोळ्या बनणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. फिटचं औषध आता घरोघरी अशा कपाटात वाढवलेल्या झाडाच्या पानांतच तयार व्हायचं.

"लाल दिव्याखाली चार दिवसांत नवी पानं येतील," दुकानदार दोन दिवे पुढे करत म्हणाला, "पण त्यांत औषध किती उतरेल ते सांगता येत नाही. निळ्याखाली पुरेपूर उतरतं, पण आठ दिवस लागतात."

"आणि मधल्या चार दिवसांत तिला फिट आली तर?"

सुनेत्राचा हात लाल दिव्याकडे गेला आणि तिथेच अडखळला. शेवटी तिने निळा उचलला.

"माझ्याकडे हेच झाड आहे," मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "हवी तेवढी पानं न्या."

"अहो, मग तुम्हाला कमी पडतील!"

"नाही पडणार. ती माझ्या निनादला लागायची, तो मार्चमध्ये गेला." बाईंनी स्वतःसाठी निवडलेला निळा दिवा काउंटरवर ठेवला. "झाड मात्र मरू देववत नाही."

सुनेत्राने त्यांचा हात घट्ट धरला.