पेनाचा खिसा

"खिसा नको शर्टाला," निवृत्त संपादक म्हणाले. "आता त्यात ठेवायला काही उरलं नाही."

कात्रीबाईने त्यांच्या छातीवरची टेप काढून गळ्यात टाकली. गल्लीत तिला कात्रीबाईच म्हणत. हातातल्या कात्रीवरून की तोंडातल्या, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

खिळ्याला कपडे बेतायची, जुन्या वर्तमानपत्रांची पेपर कटिंगं लटकत होती. बाह्या, कॉलर, पाठ. संपादकांनी सवयीने मजकूर चाळला. जाहिराती, खेळ, बाजारभाव.

"माझं पान दिसत नाही यात."

"तुमच्या पानाला कात्री लावायची सोय नव्हती हो," शिलाई मशीनवरची कात्रीबाईची सून म्हणाली. "एकदा मी चुकून अग्रलेखातून फ्रॉकचा गळा कापला. आठ दिवस बोलणी खाल्ली. शेवटी तो गोल परत चिकटवला, तेव्हा कुठे सासूबाईंचा पारा उतरला."

सातव्या महिन्याचं पोट सावरत तिने खण उघडला. घड्या घातलेली पानंच पानं. सगळ्यात वर तो चिकटवलेला गोल. दवाखान्याची लिफ्ट बंद, पेशंटला पाठीवर घेऊन तीन मजले चढायचं, त्यावरचा अग्रलेख. कात्रीबाई दुसरीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट धरून तिने तो तीन दिवस वाचला होता. महिना सरायच्या आत लिफ्ट सुरू झाली होती.

"तुम्ही लिहिलंत की खुर्चीतल्या माणसाला खुर्ची टोचायची," कात्रीबाई म्हणाली. "आणि आता हे बघा."

टेबलावर आजचा अग्रलेख पसरला होता. 'सकाळी चालण्याचे फायदे'. त्यावर खडूची रेघ.

"बाळंतपणाचा वॉर्ड बंद होऊन आठवडा झाला, त्यावर अवाक्षर नाही. आमच्या हिने कळा आल्यावर कुठे जायचं? शहराबाहेर चालत? फायदे होतील म्हणे!"

संपादकांनी खणातल्या त्या चिकटवलेल्या गोलाची कड बोटाने सरळ केली.

"बाई, माझं आता छापणार कोण?"

"नाही छापलं तर इथे आणून द्या. या भिंतीवर लावते. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरची बायको मापाला इथेच येते. बोट धरून वाचून दाखवीन तिला."

कात्रीबाईने आजच्या अग्रलेखातून चार बोटं रुंद तुकडा कापला, त्यांच्या छातीवर डावीकडे धरला आणि टाचणी लावली.

"हलू नका," ती म्हणाली. "पेन केवढं आहे तुमचं?"