विचारा हिला

लंबूच्या हातातली सुई बडबडीच्या उघड्या तोंडात, टाळूकडे येत होती, आणि तिच्यापेक्षा लंबूच जास्त घाबरलेला दिसत होता. दातांच्या कॉलेजात रिवाजच तसा. पहिलं इंजेक्शन पेशंटला नाही, वर्गातल्या जोडीदाराला. बडबडीने खुर्चीचे हात घट्ट धरले. जगातल्या कुठल्याही विषयावर तासभर बोलणाऱ्या या मुलीने, आपण सुईला भितो, हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आज हात थरथरला तर सर मला घरी बसवणार," लंबू पुटपुटला.

सुई टोचली, ती एक वेळ सोसली असती. पण कधी एकदा संपतंय अशा घाईत लंबूने सगळं औषध भसकन आत ढकललं. टाळू हाडापासून सोलून निघतेय असं वाटलं. बडबडीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

सर मागेच उभे होते. "दुखलं?"

लंबू पांढराफटक पडला होता.

"छे! कळलंसुद्धा नाही, सर," बडबडी म्हणाली.

"शाबास! हात असाच ठेव. बाहेरच्या आजींना आता तूच दे." लंबूची पाठ थोपटून सर पलीकडच्या खुर्चीकडे वळले.

आजी अंग चोरून खुर्चीत बसल्या. मांडीवरची पिशवी काही केल्या सोडेनात. "बाळा, मला सुईची फार धास्ती वाटते रे."

"अहो आजी, माझा हात एकदम हलका आहे." सकाळपासून मूग गिळून बसलेला लंबू आता खुलला होता. "विचारा हिला. आत्ताच दिलंय."

आजींनी मान वळवून बडबडीचं मनगट धरलं. त्यांची बोटं गारठली होती.

"खरं का गं, पोरी?"

लंबूचा अंगठा सिरिंजच्या दांड्यावर ठासून बसला होता. अगदी मघासारखाच. खरं सांगावं तर लंबूचं वर्ष बुडणार. आणि मनगटावरची बोटं तर सुटत नव्हती.

"नाही, आजी," ती कशीबशी म्हणाली. "खूप दुखलं. याने औषध एकदम ढकललं. हळू दिलं असतं तर सोसलं असतं. मी सरांशी खोटं बोलले."

पलीकडे सरांनी वळून पाहिलं. लंबूच्या तोंडचं पाणी पळालं. सुई धरलेला हात लटलट कापायला लागला.

आजी त्या हाताकडे बघत राहिल्या. मग पिशवी त्यांनी बडबडीकडे दिली आणि मान मागे टेकवली.

"आता दे, बाळा," त्या म्हणाल्या. "आता तूही घाबरलायस. आणि दुखतं कशाने, तेही कळलंय. आता हळू देशील."

आणि त्यांनी तोंड उघडलं.