सोमवारची तारीख

खटले नव्या इमारतीत गेल्यावर जुन्या कोर्टात आधी मतपेट्या ठेवल्या, मग रेशनचं धान्य, आणि आता तिथं वाचनालय निघालं होतं. कोगनोळीच्या महादेवला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण धाकटी बहीण बाळाबाई दर सोमवारी तिथं जाते असं कानावर आलं आणि त्याचं टाळकंच सरकलं. अंगठा उठवणारी बाई वाचनालयात काय वाचणार? याच कोर्टात त्याच्याशी भांडून तिनं शेतातला वाटा घेतला होता. आता विहिरीवर डोळा असणार, आणि आत एखादा वकील गाठला असणार!

पुढच्या सोमवारी तो गुपचूप तिच्या मागोमाग गेला. बाळाबाई आत गेलीच नाही. खटल्याची तारीख सोमवारी असायची, तेव्हा पुकारा होईपर्यंत दोघं व्हरांड्यातल्या ज्या बाकावर बसायची, तिथंच ती बसली आणि तिनं भाकरीचं फडकं सोडलं. खटला चालू असतानाही ती असंच दोघांपुरतं बांधून आणायची, आणि तोही मुकाट्यानं खायचा.

"वकील कुठाय तुझा?" महादेव तिच्यापुढं जाऊन कडाडला.

तिनं वर बघितलं, जरा सरकून बाकावर जागा केली आणि अर्धी भाकरी त्याच्यापुढं धरली.



"वकील कशाला, अण्णा? निकाल लागल्यापासनं तू मला उंबरा चढू देईनास. तारीख असायची तवा भेटायचास तरी."