सर्वांत जास्त वापर

कर्वेनगरच्या एका विमा ऑफिसात सगळ्यांना एआय वापरायला शिकवण्याचं काम उत्कर्षाला मिळालं होतं. बाकीचे पटापट शिकले. अडून बसले ते फक्त परचुरेकाका. "माझी पत्रं मी स्वतः लिहितो. आपण दुसरं टेबल बघा," असं म्हणून ते पहिल्याच दिवशी चहाला निघून गेले. इकडे साहेबांनी उत्कर्षाला बजावलं होतं, "एकही माणूस मागे राहिला, तर पुढच्या शाखेचं काम तुम्हाला मिळणार नाही."

महिन्याभराने साहेबांचाच फोन आला. ऑफिसात एआय सर्वांत जास्त कोण वापरत होतं? परचुरेकाका!

उत्कर्षा धावतच त्यांच्या टेबलापाशी गेली. "काका, कमाल केलीत! काय काय कामं करून घेता त्याच्याकडून?"

"कामं? छे! कामं माझी मीच करतो." काका शांतपणे चष्मा पुसत म्हणाले. "त्याच्याशी मी फक्त वाद घालतो."

"वाद? तो कशासाठी?"



"अहो, चूक दाखवली की ते लगेच म्हणतं, 'आपलं बरोबर आहे, माझंच चुकलं.' सगळा जन्म पुण्यात गेला, पण हे वाक्य आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं!"