दगडावरची तिसरी ओळ

वनरक्षकाने पडद्याची कड उचलली आणि तिसरी ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

‘सहकाऱ्याला सुखरूप माघारी धाडून ते एकटे वणव्याला सामोरे गेले.’

काळा दगड, पांढरी अक्षरं. पहिल्या ओळीत रेंजरसाहेबांचं नाव होतं, दुसरीत तारीख. तिसरी ओळ मात्र त्याची स्वतःची होती. चौकशीत त्याने दिलेल्या जबाबातून ती जवळजवळ जशीच्या तशी उचलली होती.

वन कार्यालयाच्या आवारात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. माइकवाला ‘एक दोन, एक दोन’ करत होता. तासाभराने मोठे अधिकारी येणार होते. पडदा सरला की ‘अखेरपर्यंत सोबत असलेला सहकारी’ म्हणून त्याला दोन शब्द बोलायचे होते. ते लिहिलेला कागद खिशात होता आणि घामाने ओला झाला होता.

वर्षभर हे असंच चाललं होतं. दवाखान्यात लोक त्याला रांगेत पुढे जाऊ देत. बायको पोराला सांगे, तुझ्या बाबांना साहेबांनी वाचवलं. तो मान खाली घालून जेवत राही.

त्या दुपारी ते दोघे जाळरेषेवर होते. आग पुढे सरकू नये म्हणून गवत कापून मोकळा केलेला तो पट्टा दोन टेकड्यांच्या मधून जात होता. वारा अचानक फिरला आणि खालच्या अंगाची आग बघता बघता चढाला लागली. साहेब पन्नाशी ओलांडलेले, अंगाने भरलेले. एरवी चढ लागला की मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, “मी दमलो नाही रे, डोंगराला जरा विसावा देतोय.” त्या दिवशी थांबायला सवड नव्हती. घाईत ते दगडावरून घसरले, पाय मुरगळला. उठता येईना.

“हात दे रे जरा,” असं म्हणून त्यांनी हात पुढे केला.

वनरक्षकाने तो हात पाहिला. त्यामागे झाडाइतक्या उंच ज्वाळा पाहिल्या. आणि तो पळत सुटला. एकदाही मागे वळला नाही. टेकडीपलीकडे खाली रस्त्यावर दुसऱ्या तुकडीने विचारलं, “साहेब कुठायत?” तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, “त्यांनीच पाठवलं मला. माणसं आणायला.” माणसं वर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढे ते वाक्य कागदावर आलं. त्याखाली त्याने सही केली. आणि आता ते दगडावर कोरून झालं होतं.

“अक्षरं बरी आलीत,” मागून आवाज आला.

साहेबांच्या पत्नी होत्या. हातात पाण्याची बाटली आणि एक फडकं. “पण खाचांमध्ये भुकटी तशीच राहिलीय,” असं म्हणत त्यांनी पडदा बाजूला सारला आणि दगड पुसायला घेतला. पहिली ओळ पुसून झाली. दुसरी झाली. फडकं तिसऱ्या ओळीवर आलं, तेव्हा त्याला राहवेना.

“वहिनी, ही ओळ खोटी आहे.”

मग त्याने सगळं सांगितलं. घसरलेला पाय, फिरलेला वारा, रस्त्यावर मारलेली थाप. काहीही हातचं राखलं नाही. त्या ऐकत होत्या आणि पुसत होत्या. साहेबांनी हात पुढे केला होता, हे त्याने सांगितलं, तेव्हा मात्र फडकं थांबलं.

“आज माइकवर सगळ्यांसमोर बोलून टाकतो,” तो म्हणाला. “नोकरी गेली तर जाऊ दे. आता हे सोसवत नाही.”

“नाही बोलायचं.” त्यांचा आवाज चढला नाही. “मला माहीत आहे, भाऊजी. हात तेवढा माहीत नव्हता.”

“कसं माहीत?” त्याने विचारलं.

“त्यांचा फोन आला होता. तिथे रेंज कशी लागली देव जाणे. म्हणाले, तो पळाला ते बरं झालं, मला ओढत बसला असता तर दोघेही गेलो असतो. लहान पोर आहे त्याचं. पण लोक त्याला टोचून टोचून मारतील. कुणी विचारलं तर मीच पाठवलं म्हणून सांग.” त्यांनी फडक्यावर पाणी ओतलं. “चौकशीवाले घरी आले, तेव्हा मी तसंच सांगितलं. तुमचा आणि माझा जबाब जुळला, म्हणून पुढे कुणी खोलात शिरलं नाही.”

वनरक्षक जवळच्या खुर्चीत मटकन बसला. वर्षभर दाबून ठेवलेलं रडू एकदम बाहेर पडलं. माइकवाल्याने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा वायरींत डोकं घातलं.

“साहेबांनी मला माफ केलं,” तो तोंडावर हात धरून म्हणाला. “वहिनी, साहेबांनी मला माफ केलं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “त्यांनी केलं.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या फडक्याचं टोक पिळून एकेका अक्षराच्या खाचेत फिरवत राहिल्या.

“चाळीस सेकंद,” जरा वेळाने त्या म्हणाल्या. “मोबाइलवर दिसतं ना, किती वेळ बोलणं झालं ते. चाळीस सेकंदांनी फोन तुटला. तेवढ्यात तुमचंच सगळं सांगून झालं. माझ्याशी बोलायचं राहून गेलं.”