साठयेकाकांचा साक्षीभाव

मोतीबिंदूच्या टेबलावरून साठयेकाकांना दोनदा घरी पाठवलं, कारण रक्तदाब एकशे ऐंशीखाली उतरेचना. मग ते दोन महिने ध्यानवर्गाला गेले. शिक्षक म्हणाले, “जे घडतंय ते फक्त बघा.”

काकांनी ते इतकं मनावर घेतलं की दूध उतू जाताना ओट्याशी उभे राहून शांतपणे बघत. पाण्याची टाकी वाहिली, तीही पापणी न हलवता बघितली.

“अहो, निदान हाक तरी मारा!” काकू फडकं घेऊन धावत.

“चिडचिड होतेय ना? तिच्याकडे नुसतं बघ.”

तिसऱ्या खेपेला काकांचा दाब एकशे वीस! संमतीपत्रावर सही करताना काकूंनी खुर्चीचा आधार घेतला, म्हणून नर्सनं त्यांचाही मोजला. दोनशे दहा. काकूंनाच खाटेवर आडवं केलं.

“आता घरी तुमच्या डोळ्यात थेंब कोण घालणार?” डॉक्टर म्हणाले. “ऑपरेशन पुढच्या महिन्यात.”

“म्हणजे मी आंधळाच राहू?” काका असे ओरडले की नर्सनं पट्टा पुन्हा त्यांच्या दंडाला बांधला. एकशे नव्वद.

तिकडे काकू मात्र दोन महिन्यांत पहिल्यांदाच पाय पसरून झोपल्या, आणि त्यांचा दाब कुठल्याही वर्गाला न जाता उतरू लागला.